आक्कांना बोलू द्यायचं नव्हतं

"बोट पुढं करा," मी म्हणाले.

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मग उजव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. मी त्याला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत उंबऱ्यापाशी उकिडवी बसले. अकरा वर्षांत त्या उंबऱ्याशी मी दुसऱ्यांदाच आले होते. पहिल्यांदा थोरले भावजी वारले तेव्हा, आणि तेव्हाही आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नव्हतो.

चौऱ्याऐंशी.

मला वाटलं यंत्र बिघडलं. माझ्या बोटाला लावून पाहिलं, सत्त्याण्णव. परत त्यांच्या बोटाला लावलं. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी.

"किती दिवस झाले?"

"ताप सहा दिवस," आक्का म्हणाल्या. पुढचं बोलायच्या आधी त्यांना थांबून श्वास घ्यावा लागला. "दम... कालपासून."

एकवीस सालचा एप्रिल होता. मी गावची आशा. घरोघर जाऊन ताप बघायचा, ऑक्सिजन मोजायचा आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. गावातली दोनशे चौदा घरं मी बघत होते. दोनशे पंधरावं घर आमच्या भिंतीपलीकडचं, माझ्या थोरल्या जावेचं. तिथं मी जात नव्हते. शेजारच्या सोजरबाईला विचारायचे, "आक्का बऱ्या आहेत ना?" आणि वहीत लिहायचे, लक्षणं नाहीत. दोन दिवसांपूर्वीसुद्धा तेच लिहिलं होतं. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या तापाचा चौथा दिवस होता.

त्या सकाळी गेले तेही माझं मला वाटलं म्हणून नाही. आक्कांच्या रत्नाचा सुरतहून फोन आला होता. तिनं मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. तिच्या घरात चौघंही आजारी. "काकू," ती म्हणाली, "आई फोनवर दोन शब्द बोलते आणि ठेवून देते. मला काहीतरी वेगळं वाटतंय. तू एकदा बघून येशील का? मला माहीत आहे तुमचं बोलणं नाही, पण..."

"बघते," मी म्हणाले आणि भिंतीला वळसा घालून गेले.

आमचं बोलणं बंद झालं ते रत्नाच्या सोयरिकीवरून. बावीस वर्षांची होती. वैरागकडचा ग्रामसेवक मुलगा, घर चांगलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती आणि अचानक मुलाकडचे नाही म्हणाले. आक्कांनी मला येऊन विचारलं, "शालन, तू कुठं काही बोललीस का?" मी नाही म्हणाले. माझ्यावर संशय घेतलाच कसा म्हणून मी दोन दिवस जेवले नाही. पंधरवड्यात घराची वाटणी झाली, अंगणात भिंत आली. थोरल्या जावेनं उगाच बोल लावला म्हणून गाव माझ्याच बाजूचं होतं.

एकशे आठला फोन केला. गाडी यायला तीन तास, असं सांगितलं. आमचे हे आणि मुलगा पुण्यात अडकलेले. गावात जीप दोघांकडं होती. एकाचा फोन लागला नाही, दुसरा म्हणाला, "वहिनी, घरात लहान लेकरं आहेत." त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

शेवटी सत्तारभाईंना विचारलं. त्यांचा लिंबं वाहायचा छोटा हत्ती होता. पन्नाशीचा माणूस, रोजे चालू होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मागं झोपतील का बसतील?"

"पालथं झोपवायचं आहे."

"मग गादी लागेल."

माझी गादी आणि दोन उशा टाकल्या, वर ताडपत्री बांधली. आक्का गाडीत चढेपर्यंत आकडा ऐंशीवर आला. मी दोन मास्क आणि वर फेसशील्ड लावून त्यांच्याशेजारी बसले. गाडी सुटताना त्या काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. मी वाकले तेव्हा परत म्हणाल्या, "कुलूप."

"लावलं. किल्ली माझ्याकडं आहे."

त्यांनी डोळे मिटले.

जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर माझ्या ओळखीच्या. त्या बाहेर आल्या आणि ताडपत्री उचलून बघितल्याबरोबर म्हणाल्या, "शालन, तू यांना इथं आणून वेळ घालवू नको. माझ्याकडं अकराजण व्हरांड्यात आहेत. बार्शी गाठ."

"तिथं कुणाला फोन करू?"

"फोन कुणीच उचलत नाही. नुसती जा."

वाटेत नाक्यावर पोलिसानं अडवलं. त्याला मी ऑक्सिमीटर दाखवला. त्यानं आकडा वाचला, बाजूला झाला आणि पुढच्या नाक्यावर फोन करून सांगितलं की लिंबाचा पांढरा टेम्पो आहे, थांबवू नका.

बार्शीत पहिल्या दवाखान्याचं गेट आतून बंद होतं. कागदावर लिहून चिकटवलं होतं, बेड शिल्लक नाही. वॉचमन गजाआडून म्हणाला, "ताई, तुम्ही आज पंचविसाव्या." दुसऱ्या ठिकाणी आत तरी घेतलं. तिथल्या डॉक्टर बाई, वय तिशीच्या आतबाहेर, स्वतः खाली आल्या आणि टेम्पोत चढल्या. चेंगरलेल्या लिंबांवर गुडघे टेकून त्यांनी आक्कांची छाती तपासली, एक इंजेक्शन दिलं. खाली उतरल्यावर मला बाजूला नेलं.

"ऑक्सिजन पाहिजे यांना, आणि माझ्याकडं एकही पॉइंट रिकामा नाही. खोटी आशा लावत नाही. स्टँडमागं मंगल कार्यालयात सेंटर उघडलंय, दुपारी तिथं सिलिंडरची गाडी येणार आहे. तिथं जाऊन नाव लिहा आणि हलू नका."

"तोवर काय करू?"

"पालथं ठेवा. पाणी घोट घोट. आणि बोलू देऊ नका. अजिबात. यांना एकेक वाक्य महाग आहे. तुम्ही कोण, मुलगी?"

"जाऊ."

"मग तुम्हीच बोला. त्यांना ऐकू दे, धीर येतो."

मी मान हलवली. काय बोलायचं ते त्यांना विचारायचं राहिलं.

मंगल कार्यालयाच्या दारात टेबल टाकून एक ब्रदर बसले होते. नाव लिहून घेतलं, कौशल्या विठोबा टेकाळे, वय एकोणसाठ. आकडा विचारला. सत्तारभाई माझ्या मागं उभे होते, हळूच म्हणाले, "वहिनी, चार-पाच कमी सांगा. सगळे तसंच करतात."

"एक्क्याऐंशी," मी म्हणाले. होता तेवढाच सांगितला. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे, मला ते सुचलंच नाही.

"आठ जण आहेत आधी," ब्रदर म्हणाले. "पण नंबरानं घेत नाही आम्ही. ज्याचा आकडा कमी तो आधी. सिलिंडर आले की हाक मारतो. फार खाली गेला तर धावत या."

पत्र्याच्या शेडमध्ये सत्तारभाईंनी गाडी लावली. बारा वाजले होते. पत्रा तापला होता, ताडपत्रीखाली जीव घुसमटत होता. सत्तारभाई कुठूनतरी बर्फाचा तुकडा घेऊन आले, तो पंच्यात बांधून आक्कांच्या मानेशी ठेवली. त्यांच्या स्वतःच्या ओठांना कोरड पडली होती. मी म्हणाले, "तुम्ही सावलीत तरी बसा."

"मी ठीक आहे. तुम्ही त्यांच्याकडं बघा," म्हणून ते टाकीवर पाणी आणायला गेले.

मी बोलायला लागले. दुसरं काही येईना म्हणून गावचं सांगत बसले. सोजरबाईच्या म्हशीला रेडकू झालं. शाळेच्या मागची विहीर आटली. रत्नाच्या घरी सगळे आता बरे आहेत, जावयांचा ताप उतरला, हे त्यांना धीर यावा म्हणून रचून सांगितलं. आक्कांच्या चेहऱ्याची एक बाजू उशीवर टेकलेली, एक डोळा माझ्याकडं. मी पाण्याचा चमचा लावला की तोंड उघडायच्या. आणि मधेच म्हणायच्या, "शालन..."

"बोलू नका, आक्का."

थोडा वेळ जायचा. परत, "शालन, मला..."

"नंतर बोला. डॉक्टर बाईंनी नको सांगितलंय."

एकेका शब्दाला आकडा एकानं, दोनानं खाली यायचा आणि परत वर चढायला पाच-पाच मिनिटं लागायची. मी तो आकडा बघत होते. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळलं होतं, किंवा कळल्यासारखं वाटत होतं.

दीडच्या सुमाराला मागच्या दारानं एकाला बाहेर आणलं, पांढऱ्या पिशवीत बांधलेलं. पाचेक मिनिटांत ब्रदरनी एक नाव पुकारलं. रिक्षात बसलेला एक म्हातारा मुलाच्या खांद्यावर हात टाकून आत गेला. आक्कांनी ते दोन्ही पाहिलं. मी ताडपत्री खाली ओढली, पण त्यांनी आधीच पाहिलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गरम होता आणि पकड घट्ट.

आकडा एकोणऐंशी होता.

मला एकदम वाटलं, या आज जातील. आणि या गेल्या की ती गोष्ट जगात फक्त माझ्याकडं राहील.

"आक्का," मी म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. मी सांगते ते ऐका. रत्नाची सोयरीक माझ्यामुळं मोडली."

डोळा माझ्यावर तसाच होता.

"वैरागला हळदीकुंकवाला गेले होते. मुलाची मावशी तिथं होती. तिनं सहज विचारलं, तुमच्या जावेची मुलगी तशी निरोगी आहे ना? मी नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, आता काही नाही. ती म्हणाली, आता म्हणजे? मग मी सांगितलं. सहा वर्षांची असताना दोनदा झटके आले होते म्हणून. तापामुळं आले होते आणि परत कधी आले नाहीत, हे नाही सांगितलं. तिनं पुढं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

मी थांबले. पण ते तेवढंच नव्हतं.

"तोच मुलगा आधी आमच्या दादाच्या पोरीला, सुनंदाला बघून गेला होता. नाही म्हणाला होता. मग तो तुमच्या दारात आला आणि तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात. मला ते सहन झालं नाही. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी लेकराची शपथ घेतली. खोटी घेतली. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगितलं की तुम्ही माझ्यावर आळ घेतला."

मी रडत होते की नव्हते ते आठवत नाही. फेसशील्डवर वाफ धरली होती, मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी ती काढून बाजूला ठेवली.

आक्का म्हणाल्या, "ठाऊक होतं."

"बोलू नका."

"मावशीनंच... सांगितलं. तुझं नाव घेऊन... त्याच आठवड्यात."

अठ्ठ्याहत्तर. शहात्तर. मला तिथं थांबवायला पाहिजे होतं. आशा म्हणून सात वर्षं काम केलं होतं, डॉक्टर बाईंनी बजावून सांगितलं होतं, समोर आकडा दिसत होता. पण मला उत्तर पाहिजे होतं. मी विचारलं, "मग मला येऊन विचारलंत कशाला?"

आक्कांनी दोनदा श्वास घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा शब्द आले.

"तू सांगशील... म्हणून. रोज... भिंतीशी... वाट..."

पुढं खोकला आला. तो थांबेना. सगळं अंग हलत होतं, माझ्या मनगटावरचा हात सुटला, ओठ निळसर दिसायला लागले. बाहत्तर. एकोणसत्तर. मी टेम्पोतून उडी टाकली आणि टेबलाकडं धावले. ब्रदरनी स्वतःचं यंत्र आणलं, लावलं, सदुसष्ट दाखवलं. ते आतल्या बाजूला वळून ओरडले. स्ट्रेचर आलं. सत्तारभाईंनी पायाकडून उचललं, मी डोक्याकडून. सिलिंडरची गाडी आलीच होती त्याच वेळी, लोक सिलिंडर गडगडत आत नेत होते, त्यांच्यामधून आक्कांना नेलं.

तोंडाला मास्क लागेपर्यंत मी दारात उभी होते. मग मला बाहेर काढलं.

ब्रदर कागद घेऊन आले. "एवढा एकदम कसा पडला? एक्क्याऐंशी होता ना?"

"बोलल्या."

"नको सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो. मीच विचारलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण रागावले नाहीत. दिवसभरात त्यांनी काय काय ऐकलं असेल कोण जाणे. "इथं सही करा," म्हणाले. "नातं लिहा." मी जाऊ असं लिहिलं.

बेड त्यांना त्या पडलेल्या आकड्यामुळं मिळाला. माझ्या आधी लिहिलेली सात नावं तेव्हा बाहेरच होती. पण तो आकडा पाडला कुणी, हे त्या ब्रदरशिवाय मी कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं नसतं तर त्या संध्याकाळपर्यंत एक्क्याऐंशीवर टिकल्या असत्या, की बाहेरच वाट बघत गेल्या असत्या, हे मला आजही सांगता येणार नाही.

साडेसहाला ब्रदरनी खिडकीतून बोटांनी आठ-आठ दाखवले. अठ्ठ्याऐंशी. मी सुरतला फोन लावला. रत्नानं आकडा दोनदा विचारून घेतला, मग म्हणाली, "काकू, तू जेवलीस का?" सूर्य मावळल्यावर सत्तारभाईंनी टेम्पोच्या फळीवर बसून खजूर तोंडात टाकला आणि एक माझ्यापुढं केला. तो खाल्ल्यावर कळलं की सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं.

आक्का सतरा दिवस तिथं होत्या. मी शेजारच्या गल्लीत एका ओळखीच्या आशाताईकडं राहिले. आत सोडत नव्हते. डबा दारात द्यायचा आणि ब्रदर सांगतील तो आकडा ऐकून परत यायचं. नव्वद, एकदा शहाऐंशी, परत नव्वद, ब्याण्णव. अठराव्या दिवशी सत्तारभाईंनी त्यांना पुढच्या सीटवर बसवून गावात आणलं.

नंतर कितीतरी महिने मी रोज दोन वेळा त्यांच्याकडं जात होते. ऑक्सिमीटर लावायचे, भाकरी करून द्यायचे, पाठीला तेल लावायचे. आम्ही बोलायचोही. भाजीत मीठ कमी आहे, दिवा गेला, रत्नाचा फोन आला होता, असलं. टेम्पोतल्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मला वाटायला लागलं होतं की तापात त्यांना ते आठवतच नसेल, आणि खरं सांगायचं तर मला त्यानं बरं वाटत होतं.

मग दिवाळीच्या आधी त्या म्हणाल्या, "रत्ना येतेय दिवाळीला."

मी भाकरी थापत होते. म्हणाले, "आक्का, मी तिला सांगू का? ते सगळं."

"कशाला?"

"तिला कळायला नको?"

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज अजून बसलेलाच होता, तो पुढंही तसाच राहिला.

"तिचं बरं चाललंय," त्या म्हणाल्या. "नवरा चांगला आहे, पोरगी गोड आहे. त्या ग्रामसेवकाचं तिला नावसुद्धा आठवत नसेल. दोन वर्षं ती घराबाहेर पडत नव्हती, ते मी बघितलं. ते तिला परत आठवायला लावू? तू सांगशील आणि मोकळी होशील. ती काय करेल त्याचं?"

 तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती उलटली.

"मला सांगितलंस ते बरं केलंस," आक्का म्हणाल्या. "मला पाहिजे होतं ते. बाकीचं तुझ्याकडंच ठेव."

रत्ना पाडव्याला आली. सुरतहून आणलेली साडी तिनं आधी माझ्यापुढं ठेवली, आईची नंतर. गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ती सांगत होती, कशी मी एका फोनवर गेले, कशी टेम्पोत दिवसभर बसले, सतरा दिवस परक्याच्या घरी राहिले. "सख्ख्या बहिणीनं केलं नसतं," ती म्हणाली.  सोजरबाई म्हणाली, "आमची शालन आहेच तशी. एवढा आळ घेतला होता तरी मनात ठेवलं नाही तिनं."

मी आक्कांकडं पाहिलं. त्या चहाच्या कपाकडं बघत होत्या.  वाटलं असतं तर एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं त्यांना, आता श्वासाला काही धोका नव्हता.

रत्ना उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरकले.

"मागं सरकू नको, शालन," आक्का म्हणाल्या. "उभी राहा. घे तिचा नमस्कार."

मी उभी राहिले. रत्नानं दोन्ही हातांनी माझी पावलं धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाहीत.